अद्भुतकथेतील संकेत : राजशेखराच्या कविसमयविचाराच्या प्रकाशात

(१)

अद्भुतकथा म्हणजे कल्पनेचा स्वैर विहार, असा एक समज वाचकांत आणि काही अंशी समीक्षकांतही रूढ आहे. वास्तववादी कादंबरीकाराला जगाचे बंधन असते. त्याचे पात्र मुंबईहून पुण्यास निघाले तर वाटेत घाट लागलाच पाहिजे. अद्भुतकथाकाराला असा घाट आडवा येत नाही. तो पात्राला गरुडाच्या पाठीवर बसवून मोकळा होतो. म्हणून पहिल्या प्रकारात लेखकाची कसोटी लागते आणि दुसऱ्यात त्याला सूट मिळते, अशी ह्या समजामागील विचारसरणी आहे. विशेष असे की, ह्या वाङ्मयप्रकाराचे निंदक आणि चाहते ह्या बाबतीत एकमताचे असतात. जे. आर. आर. टॉल्कीन ह्यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. १९५६ मध्ये एडमंड विल्सन ह्यांनी 'द नेशन' ह्या साप्ताहिकात तिचा कठोर समाचार घेतला, आणि मूळ बालवाचकांसाठी असलेले एक पुस्तक प्रमाणाबाहेर वाढले आहे, असा निर्वाळा दिला. उलट चाहत्यांनी तिच्यातील कल्पनेच्या मुक्तपणाचे गोडवे गाइले. एकाने ज्याला पोरकटपणा म्हटले त्यालाच दुसऱ्याने स्वातंत्र्य म्हटले. परंतु अद्भुतकथेत नियम नसतात हे दोघांनीही गृहीत धरले.

हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. अद्भुतकथा ही वास्तववादी कथेपेक्षा कमी नव्हे, तर अधिक नियमबद्ध असते. वास्तववादी लेखकाच्या पाठीशी जग उभे असते. त्याने न सांगितलेले वाचक स्वतःच्या अनुभवातून भरून काढतो. त्याने एखादी चूक केली तरी जग ती सावरून घेते. अद्भुतकथाकाराच्या पाठीशी असे कोणीच नसते. त्याच्या कथेत जे कार्य एरवी जगाने करावयाचे ते संकेताला करावे लागते. म्हणून ह्या वाङ्मयातील कलेचा विचार हा मुख्यतः संकेताचा विचार ठरतो. ह्या विचारासाठी लागणारी साधने भारतीय साहित्यशास्त्रात फार पूर्वीच तयार झालेली आहेत.

(२)

इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराची 'काव्यमीमांसा' १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतील पहिला ग्रंथ म्हणून प्रकाशित झाली. तिच्या चौदाव्या ते सोळाव्या अध्यायांत कविसमयाचे विवेचन आहे. शास्त्राला आणि लोकानुभवाला धरून नसलेले, परंतु कवींच्या परंपरेने स्वीकारलेले अर्थ म्हणजे कविसमय. चकोर चांदणे पितो, चक्रवाकाचे जोडपे रात्री विलग होते, कीर्ती शुभ्र असते, ही त्याची परिचित उदाहरणे होत.

राजशेखराच्या विवेचनाचे महत्त्व ह्या यादीत नाही, त्याने केलेल्या वर्गीकरणात आहे. कविसमय त्याच्या मते तीन प्रकारे सिद्ध होतो. जे नाही त्याचे वर्णन करणे, हा पहिला प्रकार : कोणत्याही नदीत कमळे आणि कोणत्याही जलाशयात हंस दाखवावेत. जे आहे त्याचे वर्णन न करणे, हा दुसरा प्रकार : वसंतातील मालती, चंदनाची फुले व फळे किंवा अशोकाची फळे कवी वर्णीत नाही. अनेक ठिकाणी असणारी गोष्ट एकाच ठिकाणी बांधून टाकणे, हा तिसरा प्रकार. ह्यालाच त्याने 'नियम' म्हटले आहे. कोकिळेचा स्वर ग्रीष्मातही ऐकू येतो, पण काव्यात तो वसंतातच यावा. मोराचे नृत्य आणि केका वर्षाऋतूतच असाव्यात. चंदन मलयावरच आणि भूर्जवृक्ष हिमालयावरच असावा.

जे शास्त्राविरुद्ध आणि लोकाविरुद्ध आहे ते काव्यदोष का मानू नये, हा आक्षेपही राजशेखराने विचारात घेतला आहे. पूर्वीच्या विद्वानांनी वेदशास्त्रे अभ्यासून आणि देशदेशांतरी हिंडून जे अर्थ पाहिले व ग्रथित केले, ते काळ आणि देश पालटल्यामुळे पुढे तसे राहिले नाहीत, तरी कवींनी ते तसेच बांधावेत, असे त्याचे समाधान आहे. ऐतिहासिक दृष्टीने हे पटो वा न पटो, त्यातून एक तत्त्व हाती लागते. संकेत हा असत्याचा परवाना नसतो; ज्या जगाशी आता प्रत्यक्ष संबंध उरलेला नाही अशा एका जगाशी राखलेली ती निष्ठा असते. आधुनिक अद्भुतकथेचे मर्म ह्याहून फारसे वेगळे नाही.

हे तिन्ही प्रकार अद्भुतकथेला लावताना एक भेद मात्र विसरता येत नाही. कविसमय परंपरेने चालत आलेला आणि सर्व कवींना सामाईक असतो. आधुनिक अद्भुतकथेतील संकेत बव्हंशी एका लेखकाने एका कृतीपुरता निर्माण केलेला असतो. तो वाचकाला आधी ठाऊक नसतो. कृती वाचता वाचताच त्याला तो शिकावा लागतो. ह्या भेदातून उद्भवणारा प्रश्न पुढे विचारात घेतला आहे.

(३)

अद्भुतकथेचे नाव काढताच राजशेखराचा पहिला प्रकार डोळ्यांपुढे येतो : जे नाही त्याचे वर्णन. परंतु कलेच्या दृष्टीने तिन्हींत हाच सर्वांत सोपा होय. टॉल्कीन ह्यांनी मार्च १९३९ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर एक व्याख्यान दिले; ते विस्तृत स्वरूपात १९४७ मध्ये छापले गेले. त्यात त्यांनी हिरव्या सूर्याचे उदाहरण घेतले आहे. 'हिरवा' हे विशेषण 'सूर्य' ह्या नामाला जोडणे कोणालाही साधते, कारण भाषेची रचनाच तशी आहे. विशेषण नामापासून सोडवून घेता येते, ह्या व्याकरणिक शक्तीतच अद्भुताचे बीज आहे. परंतु ज्या जगात हिरवा सूर्य स्वाभाविक वाटेल असे जग उभे करणे, हे श्रमाचे आणि कौशल्याचे काम आहे. अशा निर्मितीला त्यांनी उपनिर्मिती मानले आणि तिच्यातून वाचकाच्या मनात दुय्यम श्रद्धा उत्पन्न होते असे सांगितले. कोलरिज ह्यांनी १८१७ मध्ये मांडलेली अविश्वासाच्या स्वेच्छ स्थगितीची कल्पना त्यांना अपुरी वाटली. कला यशस्वी झाली की अविश्वास बाजूस ठेवण्याचा प्रयत्न करावाच लागत नाही. तो करावा लागला तर कला फसली असे समजावे, असे त्यांचे मत होते.

ई. एम. फॉर्स्टर ह्यांनी १९२७ च्या आपल्या केंब्रिज येथील व्याख्यानांत अद्भुतकथा वाचकाकडून काही अधिक मागते असे म्हटले होते. प्रदर्शनात आत गेल्यावर एखाद्या खास दालनासाठी वेगळे तिकीट काढावे, तसे हे आहे. टॉल्कीन ह्यांच्या भूमिकेशी ताडून पाहिले असता ही उपमा उलटी करावी लागते. वेगळे तिकीट वाचक काढीत नाही. त्याचे मोल लेखकच भरीत असतो. जे नाही ते सांगितल्याबरोबर लेखकावर एक ऋण चढते, आणि ते राजशेखराच्या उरलेल्या दोन प्रकारांनी फेडावे लागते.

(४)

दुसरा प्रकार, म्हणजे जे आहे त्याचे वर्णन न करणे, हा समीक्षकांच्या नजरेतून बहुधा निसटतो, कारण गाळलेली गोष्ट पानावर दिसत नाही. टॉल्कीन स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते. असे असूनही त्यांच्या कादंबरीत मंदिर नाही, पुरोहित नाही, उपासनाविधी जवळजवळ नाहीत. डिसेंबर १९५३ मधील एका पत्रात त्यांनी ह्याचे कारण दिले आहे. धर्माचार आणि पंथ ह्यांचे उल्लेख आपण घातले नाहीत, किंबहुना होते ते काढून टाकले, कारण धार्मिक तत्त्व कथेत आणि तिच्यातील प्रतीकांत मुरलेले आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. मानवी समाजात जे सर्वत्र आढळते तेच येथे हेतुपुरस्सर अवर्णित राहिले आहे. परिणामी भोजनापूर्वी पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहणारे गाँडोरचे योद्धे जेव्हा दिसतात, तेव्हा तो एकच लहानसा आचार संपूर्ण धर्मव्यवस्थेचा भार पेलतो. भोवताली देवळे असती तर त्या मौनाला हा अर्थ आला नसता.

वर्जनाचा हा नियम भाषेच्या सूक्ष्म पातळीवर अधिक स्पष्ट होतो. १९३७ च्या 'द हॉबिट'मध्ये एके ठिकाणी भोजनाच्या पदार्थांत टोमॅटोचा उल्लेख होता. १९६६ च्या आवृत्तीत तेथे लोणच्याचा पदार्थ आला. अमेरिकेतून आलेले ते फळ त्या प्राचीन भासणाऱ्या प्रदेशात शोभत नव्हते. परंतु बटाटा मात्र कायम राहिला. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्याच प्रकरणात शोभेच्या दारूच्या अग्निसर्पाची गती सांगताना आगगाडीची उपमा आली आहे. त्या जगात आगगाडी नाही. निवेदकाच्या जगात मात्र ती आहे. अद्भुतकथेत उपमेय जितके निर्मितीचे तितकेच उपमानही निर्मितीचे असावे लागते, हा नियम अशा स्खलनांमुळे ध्यानी येतो. वास्तववादी कादंबरीत विसंगत उपमान हा केवळ शैलीचा दोष असतो. अद्भुतकथेत ते जगाच्या भिंतीला पडलेले भोक असते. संस्कृत आलंकारिकांनी उपमादोषांची चर्चा केली ती औचित्याच्या दृष्टीने. येथे औचित्याबरोबर अस्तित्वाचाही प्रश्न उभा राहतो.

(५)

तिसरा प्रकार म्हणजे नियम. जी शक्ती कोठेही असू शकली असती ती एका ठिकाणी, एका अटीवर, एका मोलाने बांधून टाकणे, हे अद्भुतकथेतील सर्वांत कठीण आणि सर्वांत फलदायी कार्य होय. उर्सुला ले ग्विन ह्यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ह्या १९६८ च्या कादंबरीत मंत्रशक्ती ही खऱ्या नावांच्या ज्ञानावर अवलंबून असते. प्रत्येक वस्तूला आदिभाषेत एक खरे नाव आहे. ते ज्याला ठाऊक त्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. एवढे सांगून लेखिका थांबली असती तर तो पहिल्या प्रकारचा कविसमय झाला असता. परंतु तिने त्यावर निर्बंध घातले. वस्तूत केलेला लहानसा खरा बदलही जगाचा तोल बिघडवू शकतो. आदिभाषेत बोलणारा मनुष्य सत्याने बांधला जातो, तिच्यात त्याला खोटे बोलता येत नाही. ड्रॅगनांची मात्र ती जन्मभाषा असल्यामुळे ते तिच्यातून खुशाल दिशाभूल करतात. हा अखेरचा निर्बंध भाषाभ्यासकाला विशेष विचारप्रवर्तक वाटावा. परक्या भाषेत मनुष्य अर्थाशी जखडलेला असतो. स्वभाषेतच त्याला लपण्यास जागा सापडते. येथे नियम नुसता अडथळा राहिलेला नाही. त्यातून भाषा आणि बोलणारा ह्यांच्या नात्याविषयीचे एक सत्य हाती येते.

नियम एकदा घातला की तो लेखकाच्याही आज्ञेत राहत नाही, ह्याचे ठळक उदाहरण टॉल्कीन ह्यांच्याकडेच आहे. १९३७ च्या 'द हॉबिट'मधील मुद्रिका ही केवळ अदृश्य करणारी अंगठी होती, आणि गॉलम ती पैजेचे बक्षीस म्हणून देण्यास सिद्ध होता. पुढील कादंबरीत तीच मुद्रिका धारण करणाऱ्याला ग्रासणारी महाशक्ती ठरली. आता ती कोणी आपखुशीने देऊ करणे असंभवनीय झाले. म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदलण्यात आले. परंतु टॉल्कीन ह्यांनी पूर्वीची कथा नुसती पुसून टाकली नाही. बिल्बोने मुद्रिकेवरील आपला हक्क बळकट करण्यासाठी प्रथम खोटी हकीकत सांगितली होती, असे त्यांनी ठरवले. जुनी आवृत्ती अशा रीतीने पात्राचे असत्यकथन झाली, आणि ते असत्यच मुद्रिकेच्या दुष्प्रभावाचे पहिले चिन्ह ठरले. लेखकाची अडचण पात्राच्या स्वभावात विरघळली. कल्पनेचा स्वैर विहार म्हणून ज्या वाङ्मयाची संभावना होते, त्यात प्रसिद्ध झालेले पुस्तकसुद्धा नियमाच्या धाकाने मागे फिरून पुन्हा लिहावे लागते.

नियमाला आणखी एक अंग आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. अर्थसीत विद्यापीठासारखी मंत्रशाळा केवळ पुरुषांसाठी होती, आणि स्त्रियांची जादू हलकी मानली जात असे. १९६८ मध्ये हा संकेत कोणाच्या फारसा डोळ्यावर आला नाही, कारण तो त्या जगाचा नियम नव्हता. परंपरेतून नकळत आत शिरलेली ती रूढी होती. १९९० मध्ये 'तेहानु' लिहिताना ले ग्विन ह्यांनी तोच संकेत कथेच्या केंद्रस्थानी आणला. कथेतील जग त्यांनी बदलले नाही. हा नियम कोणी घातला आणि कोणाच्या हितासाठी, असा प्रश्न त्या जगातील माणसांना पडेल अशी योजना केली. सर्व संकेत लेखकाने घडविलेले असतात, हा अद्भुतकथेचा दावा म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. जे घडविले त्याचा लेखकाला विचार करावा लागलेला असतो. जे न घडवता आले ते विचाराविनाच आलेले असते.

(६)

एका कृतीपुरता निर्माण केलेला संकेत वाचकाला अवगत होतो कसा, हा प्रश्न वर उपस्थित झाला होता. शब्दाचा अर्थ कळतो कसा ह्या प्रश्नाला मीमांसकांनी आणि नैयायिकांनी दिलेले उत्तर येथे उपयोगी पडते. अर्थज्ञानाच्या साधनांत व्याकरण व कोश येतात खरे. पण मूल भाषा शिकते ती वृद्धव्यवहारातून. एक वडील माणूस दुसऱ्याला 'गाय आण' असे सांगतो. मूल आणलेला प्राणी पाहते. पुढे 'गाय बांध', 'घोडा आण' अशी वाक्ये कानी पडतात. शब्द पालटतात तशा क्रिया आणि वस्तू पालटतात, आणि कोणता शब्द कशाचा हे मुलाला उमगते. उत्तम अद्भुतकथेचा वाचक अशा मुलाच्या जागी असतो. निकृष्ट अद्भुतकथा त्याच्या हाती प्रारंभीच कोश देते.

अर्थसीच्या पहिल्या प्रकरणातील एक प्रसंग ह्या दृष्टीने पाहता येईल. पोरवयाचा नायक आपल्या मावशीच्या तोंडून ऐकलेले काही शब्द अर्थ न कळता शेळ्यांपुढे उच्चारतो. शेळ्या येतात, परंतु येऊन थांबत नाहीत, त्याला वेढून टाकतात, आणि त्या दाटीतून सुटणे त्याला जमत नाही. नावात शक्ती आहे, शक्ती ज्ञानापेक्षा आधी हाती येऊ शकते आणि बोलावणे सोपे पण पाठविणे अवघड, हे तिन्ही नियम वाचक एकाही व्याख्येवाचून शिकतो. पुढे ह्याच नायकाच्या हातून एक छाया जगात येते आणि ती परत पाठवता येत नाही, तेव्हा वाचकाला आश्चर्य वाटत नाही, भय वाटते. शेळ्यांच्या व्यवहाराने तो त्या भाषेत आधीच साक्षर झालेला असतो.

नामकरणाचे महत्त्वही येथेच आहे. टॉल्कीन हे व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ. १९२५ पासून १९५९ पर्यंत ते ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक होते. त्यांनी क्वेन्या आणि सिंडारिन ह्या भाषा घडविल्या, त्यांपैकी पहिलीवर फिनिश भाषेचा व दुसरीवर वेल्श भाषेचा ठसा आहे. दोन्ही एका कल्पित मूळ भाषेतून नियमित ध्वनिपरिवर्तनांनी निघालेल्या दाखविल्या आहेत. म्हणून त्यांच्या नकाशावरील एखाद्या नदीचे नाव वाचकाला अर्थ न कळताही शेजारच्या पर्वताच्या नावाचे नातेवाईक वाटते. ई. आर. एडिसन ह्यांच्या १९२२ च्या 'द वर्म ऑरोबोरस' ह्या कादंबरीच्या शैलीचे सामर्थ्य टॉल्कीन ह्यांना मान्य होते, पण तिच्यातील नामकरण त्यांना ढिसाळ वाटे. ही केवळ व्यावसायिक चिकित्सा नव्हे. ज्या जगात नावांना परस्परांशी नाते नाही, त्या जगाला भूतकाळ नसतो.

ह्या संदर्भात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या एका परिशिष्टातील तपशील मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. मूळ ग्रंथ एका प्राचीन भाषेत होता आणि आपण केवळ अनुवादक आहोत, अशी भूमिका टॉल्कीन घेतात. त्या मूळ भाषेत द्वितीय पुरुषी सर्वनामाचे सलगीचे आणि आदराचे असे दोन प्रकार होते. पण हॉबिटांच्या ग्रामीण बोलीत आदरार्थी रूप लोपले होते. त्यामुळे पिपिन हा तरुण हॉबिट मोठ्या राजधानीत सर्वांना, अगदी प्रत्यक्ष राज्यपालालाही, सलगीच्या रूपाने संबोधू लागला. म्हातारा राज्यपाल मनात हसला, सेवक थक्क झाले, आणि हा कोणी फार उच्चकुलीन पाहुणा असावा अशी वार्ता नगरात पसरली. इंग्रजीत हा भेद आता जिवंत नसल्याने कथेच्या मुख्य भागात तो दाखविता येत नाही. तो परिशिष्टात सांगावा लागतो. मराठीत तो टाळताच येत नाही. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' ह्यांतील निवड प्रत्येक संवादात करावीच लागते. येथे मराठी अनुवादकाच्या हाती मूळ लेखकालाही न लाभलेले साधन येते : लेखकाने जे केवळ सांगितले ते त्याला व्यवहारातून दाखविता येते. पिपिनने पहिल्या भेटीत राज्यपालाला 'तू' म्हटले तर मराठी वाचक दचकेल, आणि त्या दचकण्यातच नियम शिकेल. उलट अनुवादकाने सभ्यतेच्या सवयीने तेथे 'आपण' घातले, तर एक संपूर्ण समाजव्यवस्था मुकाट्याने पुसली जाईल.

(७)

राजशेखराने कविसमयाचा आणखी एक भेद नोंदवला आहे, आणि तो आजच्या समीक्षेला फार उपयुक्त आहे. काही कविसमय आरंभापासून स्थिर झालेले असतात. काही मात्र परस्परांशी चढाओढ करण्यासाठी आणि स्वार्थासाठी धूर्तांनी प्रवर्तित केलेले असतात, असे तो म्हणतो. टॉल्कीन ह्यांच्या नंतरच्या अनुकरणपर अद्भुतकथांवर याहून नेमके भाष्य सापडणे कठीण. एका लेखकाला जे आपल्या जगाच्या गरजेतून सापडले, तेच दुसऱ्याने तयार माल म्हणून उचलले. डायना विन जोन्स ह्यांनी १९९६ मध्ये प्रवासमार्गदर्शिकेच्या थाटात ह्या मृत संकेतांचा एक विनोदी कोश रचला. त्यात जिकडेतिकडे एकच रस्सा खाल्ला जातो, आणि घोडे यंत्राप्रमाणे न थकता दौडत राहतात. घोड्याची थट्टा वरवर क्षुल्लक, पण ती मर्मावर बोट ठेवते. घोडा दमत नाही, कारण त्या जगात अंतर नाही. अंतर नाही, कारण कोणताच नियम कोणाला अडवीत नाही. टॉल्कीन ह्यांनी आधी नकाशा काढला आणि कथा त्यात बसविली. त्यांच्या अनुकर्त्यांनी नकाशा छापला आणि कथा त्याच्या बाहेरून नेली.

मृत संकेत ओळखण्याची एक कसोटी ले ग्विन ह्यांनी १९७३ मधील एका निबंधात वापरून दाखविली. समकालीन अद्भुतकथेतील एक उतारा घेऊन त्यांनी त्यातील मोजके शब्द, मुख्यतः नावे, बदलली. उतारा वॉशिंग्टनमधील राजकारणावरील कादंबरीचा वाटू लागला. म्हणजे त्या जगातील अद्भुत हे नावांपुरतेच होते. वाक्यरचनेत, लयीत, पात्रांच्या बोलण्यात ते उतरलेच नव्हते. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा प्रतिस्थापनाचा प्रयोग होय. घटक बदलूनही रचना अविकृत राहिली, तर तो घटक त्या रचनेत कार्यकारी नव्हता, असा निष्कर्ष निघतो.

(८)

ह्या विवेचनाचा मराठी वाङ्मयेतिहासाशी असलेला संबंध थोडक्यात दाखविता येईल. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' (१८६८) ह्या कादंबऱ्यांनी एका काळी वाचकांना मोहून टाकले होते. काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांच्या १८७२ मधील निबंधापासून असल्या कादंबऱ्यांवर असंभाव्यतेचा आक्षेप येऊ लागला, आणि हरिभाऊ आपटे ह्यांच्या 'मधली स्थिति' (१८८५) नंतर वास्तवाचे पारडे कायमचे जड झाले. मराठी कादंबरीला समाजाभिमुख करणारे हे परिवर्तन इष्टच होते. परंतु त्यातून एक समीक्षेची सवयही जडली : अद्भुत म्हणजे असंभाव्य, आणि असंभाव्य म्हणजे त्याज्य. येथे विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. एखादी अद्भुत कृती जगाला धरून नाही, एवढ्याने ती सदोष ठरत नाही. जगाच्या जागी तिने कोणता नियम उभा केला आणि तो शेवटपर्यंत पाळला काय, हे पाहावे लागते. ह्या कसोटीला लावल्यावर जुन्या मराठी अद्भुत कादंबऱ्यांपैकी काही कदाचित आजच्यापेक्षाही कमी ठरतील. पण त्या योग्य कारणाने कमी ठरतील. समीक्षेत निर्णयाइतकेच त्याच्या कारणाला महत्त्व असते.

समारोपादाखल असे म्हणता येईल की, अद्भुतकथेतील कलेचे परीक्षण तीन प्रश्नांनी करावे. तिने जे निर्मिले त्याचे मोल कोणी चुकविले? तिने काय गाळले, आणि त्या गाळण्याने उरलेल्याला अधिक अर्थ आला काय? तिचे नियम वाचक व्याख्येने शिकतो की व्यवहाराने? ह्यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'कोणीच नाही' असे आले, तर एडमंड विल्सन ह्यांचा आक्षेप त्या कृतीपुरता मान्य करावा. परंतु जेथे प्रत्येक शक्तीला अट आहे, प्रत्येक नावाला कूळ आहे आणि लेखक स्वतःही आपल्या नियमाखाली वाकलेला आहे, तेथे वास्तवापासून पळून जाण्याचा आरोप टिकत नाही. पळणाऱ्याला नवे बंधन निर्माण करण्याची गरज नसते. ज्याला बंधनाचे स्वरूप समजून घ्यावयाचे आहे तोच ते स्वतःच्या हाताने घडवून पाहतो. आणि आपण ज्या जगात राहतो तेथील कोणते नियम सृष्टीचे आहेत व कोणते केवळ रूढीने आत शिरले आहेत, हे ओळखण्याची दृष्टी त्याच्या वाचकालाही लाभण्याचा संभव असतो.